आवाजाचा वैद्य : लिओ फेंडर

(द्वितीय वर्ष कला)

गिटार आपल्याकडे सिनेमासंगीतामुळे घरोघर ओळखीची झाली. पण ती भरल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे किती जणांना ठाऊक असेल? त्याचे नाव क्लॅरेन्स लिओनिदास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणते.

१० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन गावाच्या परिसरात त्याचा जन्म झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठीमुळे त्याचा एक डोळा गेला व त्या जागी काचेचा डोळा आला. चौदाव्या वर्षी एका नातेवाइकाच्या दुकानात त्याने सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ ऐकला. त्या आवाजाने तो भारावून गेला आणि घरच्या घरी रेडिओ दुरुस्त करू लागला. १९२८ मध्ये शाळा संपवून त्याने कॉलेजात मात्र हिशेबनिशीचा विषय घेतला. विद्युतशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही.

पुढे मंदीचे दिवस आले. हिशेबनिसाच्या नोकऱ्या एकामागून एक सुटल्या. १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. सभासमारंभांसाठी तो लाऊडस्पीकरचे संचही बांधून भाड्याने देई. वादक मंडळी आपले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर घेऊन त्याच्याकडे येत. बहुतेकांची तक्रार एकच असे : आवाज पुरत नाही.

ही तक्रार मला नवी नाही. माझे वडील, आप्पा, चौथीपर्यंत शिकलेले. लग्नकार्याला आणि जत्रेला लाऊडस्पीकर भाड्याने देणे हा त्यांचा धंदा. आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी अजून जिवंत ठेवला आहे. आवाज दबला की आप्पा लगेच पेटी उघडत नाहीत. आधी दुसरी वायर लावतात, मग दुसरा माईक, मग दुसरा कर्णा. एवढ्याने भागले नाही तर चांगले व्हॉल्व्ह एकेक करून घालून पाहतात. व्हॉल्यूमची कळ फिरवताना खरखर झाली, तर कळच घाण झालेली किंवा झिजलेली असते. आवाज पडला आणि सोबत घुमघुम येऊ लागली, तर फिल्टरचा कंडेन्सर सुकला असण्याचा संभव. शेवटच्या दोन पॉवर व्हॉल्व्हपैकी एक मेला, तर आवाज लहान आणि फाटका येतो. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टची वीज साठून राहते, म्हणून आत हात घालायला ते मला आजही परवानगी देत नाहीत. आवाज ओळीने एकेक टप्पा ओलांडत जातो. तो कोणत्या टप्प्यावर अडला ते शोधायचे, एवढेच या विद्येचे सार.

फेंडरने या विद्येच्या बळावर पुढची पायरी गाठली. दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करता करता तो स्वतःची बनवू लागला. १९४६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा कारखाना काढला. पोकळ गिटारचा आवाज अँप्लिफायरवर वाढवला की ती घों घों करू लागे. फेंडरने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिचे नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झाले. त्याच वर्षी त्याची बेस गिटार आली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. दुरुस्ती करणाऱ्याचा स्वभाव या वस्तूंत दिसतो. गिटारची मान स्क्रूने जोडलेली, बिघडली तर सोडवून बदलता येणारी. अँप्लिफायरच्या पेटीत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद चिकटवलेला. दूरच्या गावातला अनोळखी कारागीरही उद्या ही पेटी उघडेल, याचा विचार त्यामागे होता. त्याच्या बासमन अँप्लिफायरच्या रचनेवरूनच पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात मार्शल अँप्लिफायर जन्मला.

१९६० च्या सुमारास डिक डेल नावाचा तरुण वादक फेंडरचे अँप्लिफायर आणि स्पीकर वरचेवर जाळू लागला. दुकानात तर तेच यंत्र कान फाडत असे! मग तक्रार का? डेल पुढे सांगत असे की, फेंडर आपला सहकारी फ्रेडी टव्हारेस याला घेऊन बाल्बोआच्या नृत्यगृहात गेला आणि गर्दीत उभा राहून त्याने ऐकले. माणसांनी भरलेली जागा आवाज पिऊन टाकते, हे त्याला तिथे उमगले. दोष पेटीत नव्हता, तो पेटी आणि माणसे यांच्यामधल्या अंतरात होता. त्यातून अधिक ताकदीचा, १५ इंची स्पीकरचा शोमन अँप्लिफायर तयार झाला.

दीर्घ आजाराने खचून, आता आपण फार दिवस काढत नाही असे वाटून, फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतर डॉक्टर बदलल्यावर तो बरा झाला! बसून खाण्याइतका पैसा होता, पण त्याला बसवेना. आधी म्युझिक मॅन आणि नंतर १९८० च्या सुमारास जी अँड एल अशा कंपन्यांतून तो नव्या गिटारी घडवतच राहिला. कंपवाताने हात थरथरू लागले तरी बाक सुटला नाही. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्येच त्याचे निधन झाले.

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी. ए. करून काय मिळणार, असे आळीतले लोक विचारतात. इकडे कॉलेजात मात्र हाताने काम करणारा माणूस अडाणी समजला जातो. या दोन्ही बाजूंना माझ्यापाशी आता एक उत्तर आहे. फेंडर हिशेब शिकला आणि रेडिओ दुरुस्त करीत राहिला; एका विद्येने दुसरीला कमीपणा आणला नाही. आणि ज्याला वाजवता येत नव्हते, त्याने वाजवणाऱ्यांचे ऐकले, गर्दीत जाऊन ऐकले. मला पुढे शिक्षिका व्हायचे आहे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आपला आवाज पोहोचत नसेल, तर मुलांना दोष देण्याआधी त्या बाकावर जाऊन बसायचे, एवढे मी या रेडिओवाल्याकडून घेतले आहे.