रामशास्त्र्यांचे उठून जाणे

पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीत होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो २०२३ साली. शेतीच्या तंट्यासाठी सौंसरची कचेरी गाठावी लागे. अशाच एका दाव्यात आमच्या आजोबांना साक्षीचे बोलावणे आले. दावा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा, आणि खरे सांगायचे तर साक्ष भावाच्या विरुद्ध जाणार. मोटारीत मी शेजारी बसलो होतो. वाटेत त्यांनी मला रामशास्त्री प्रभुण्यांची कथा सांगितली.

शास्त्रीबोवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे. पोरपणी सावकाराघरी शागिर्दी केली, मग काशीस जाऊन विद्या मिळविली आणि १७५९ च्या सुमारास पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले तेव्हा त्यांनाही शास्त्रीबोवांनी राज्यकर्त्याच्या कर्तव्याची आठवण दिली, असे सांगतात.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार केले आणि काका रघुनाथराव गादीवर आले. हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. शास्त्रीबोवांनी मात्र चौकशी करून दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आता गंमत पाहा, निवाडा अमलात आणायचा कोणी? प्यादे, शिपाई, खजिना सारे आरोपीच्याच हाती! शास्त्रीबोवा पद सोडून वाईजवळच्या पांडववाडीस निघून गेले. रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. ते १७८३ साली कोपरगावी वारले.

मी आजोबांना विचारले, शास्त्री निघून गेले, मग बाकीच्या गोरगरिबांचे तंटे कोणी तोडले? त्यांना तो प्रश्न रुचला नाही. मला तो अजूनही टोचतो. खुन्याच्या नावाने निवाडे देत बसणे शक्य नव्हते, हे मान्य. पण न्यायासन रिकामे झाले की नुकसान फिर्यादीचे होते, पेशव्याचे नव्हे. म्हणून बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबोवा परत आले आणि १७८९ साली मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिले, हा भाग मला उठून जाण्याइतकाच मोलाचा वाटतो. लोक तो सहसा सांगत नाहीत.

आमचा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांचा. जानोजी १७७२ साली वारले आणि साबाजी व मुधोजी या भावांत वारशाचा तंटा पेटला. नारायणरावांचा कल साबाजींकडे, तर मुधोजी रघुनाथरावांच्या पक्षाचे. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून पडले. रणात पडले, तो खून नव्हे, हे खरेच. तरी भावाच्या रक्तावर मिळालेला कारभार मुधोजींनी मुलाच्या नावाने चालविला, आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारणारा शास्त्री नागपुरात निघाला नाही. सौंसर-पांढुर्ण्याचा सारा त्याच कारभारात जमा होत राहिला.

आजोबांनी कचेरीत होते तेच सांगितले. चुलत आजोबा दावा हरले. परतीच्या मोटारीत ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि पांढुर्ण्याला उतरल्यावर आमच्यासाठी न थांबता चालू लागले.