कामगारांच्या कैवारी : डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन

आजारी माणूस डॉक्टरांकडे जातो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. परंतु आजारी माणसांचा शोध घेत गल्लोगल्ली आणि कारखान्या-कारखान्यांतून फिरणारे डॉक्टर फार थोडे असतात. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अशाच एक डॉक्टर होत्या. रोग्याला औषध देणे त्यांना येतच होते. पण तो आजारी का पडला, हे शोधून काढणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. या शोधात त्यांनी आपले आयुष्य वेचले. त्यामुळे हजारो मजुरांचे प्राण वाचले.

अ‍ॅलिस यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1869 रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. त्यांना तीन बहिणी व एक भाऊ होता. त्यांची थोरली बहीण ईडिथ हिने पुढे प्राचीन ग्रीक संस्कृतीवर पुस्तके लिहून मोठा लौकिक मिळवला. लहानपणी ही भावंडे शाळेत गेली नाहीत. घरीच त्यांनी भाषा, साहित्य आणि इतिहास यांचा अभ्यास केला. पुढे वडिलांचा व्यापार बुडाला. आता मुलींनाही स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग होते. अ‍ॅलिस यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. जगात कोठेही गेले तरी डॉक्टरचा लोकांना उपयोग होतो, असा विचार त्यांनी केला.

घरच्या शिक्षणात विज्ञान फारसे नव्हते. तेव्हा त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचा अभ्यास मुळापासून केला आणि 1893 मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळवली. अधिक शिकण्यासाठी त्या जर्मनीला गेल्या. त्या काळी तेथील विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. कोणाच्या नजरेत न भरता मागे बसून व्याख्याने ऐकण्याची परवानगी त्यांना कशीबशी मिळाली. अपमान गिळून त्या शिकत राहिल्या.

1897 मध्ये अ‍ॅलिस शिकागो शहरात आल्या. दिवसा त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. राहण्यासाठी मात्र त्यांनी ‘हल हाउस’ ही संस्था निवडली. जेन ॲडम्स नावाच्या समाजसेविकेने 1889 मध्ये गरीब वस्तीत सुरू केलेली ही संस्था होती. पोटासाठी इटली, पोलंड, रशिया अशा दूरदूरच्या देशांतून आलेली कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत. तेथे त्यांनी तान्ह्या बाळांसाठी दवाखाना चालवला. शेजाऱ्यांशी बोलता बोलता त्यांना एक गोष्ट जाणवली. कारखान्यांत काम करणारे धडधाकट तरुण थोड्याच वर्षांत खंगून जात होते. कोणाचे पोट असह्य दुखे. कोणाचा हात मनगटातून लुळा पडून खाली लोंबकळू लागे. असा माणूस कामावरून निघे आणि त्याच्या जागी दुसरा येई.

याच काळात एका प्रसंगाने त्यांना चांगला धडा शिकवला. 1902 मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली. हल हाउसच्या परिसरात रोगी सर्वांत जास्त होते. अ‍ॅलिस यांनी उघड्या संडासांजवळच्या माश्या पकडून तपासल्या आणि माश्यांमुळे साथ पसरली, असा लेख लिहिला. त्यांचे खूप कौतुक झाले. पुढे कळले, की खरे कारण वेगळेच होते. पाण्याच्या नळात तीन दिवस मैला मिसळत होता आणि अधिकाऱ्यांनी ही गोष्ट दडवून ठेवली होती. आपला निष्कर्ष चुकला, हे अ‍ॅलिस यांनी मोकळेपणाने मान्य केले. पुरावा पक्का असल्याशिवाय बोलायचे नाही, हा नियम त्यांनी पुढे आयुष्यभर पाळला.

1910 मध्ये इलिनॉय राज्याने कामगारांच्या रोगांची पाहणी सुरू केली. या पाहणीचे काम अ‍ॅलिस यांच्याकडे आले. त्यांनी स्वतःसाठी शिसे हा विषय घेतला. शिसे हा मऊ, जड आणि स्वस्त धातू आहे. त्या वेळी त्याचा वापर सर्वत्र होई. घराला लावायचा पांढरा रंग शिशापासून केलेल्या सफेद्याचा असे. पाण्याचे नळ, बॅटऱ्या, छापखान्यातील खिळे, चिनी मातीच्या भांड्यांवरील झिलई या सगळ्यांत शिसे असे.

शिसे विषारी आहे, हे जुन्या काळापासून लोकांना ठाऊक होते. मग कामगार आजारी का पडत? मालक म्हणत, की मजूर हात न धुता जेवतात. दोष त्यांच्या अस्वच्छतेचा आहे. अ‍ॅलिस यांना हे पटले नाही. त्यांनी कारखाने डोळ्यांनी पाहिले. तेथील हवा शिशाच्या धुळीने आणि धुराने भरलेली होती. मजुरांचे केस व कपडे त्या धुळीने पांढरे झालेले असत. माणूस जेवणापूर्वी हात धुऊ शकतो, पण श्वास घेणे कसे थांबवणार? श्वासावाटे ते विष रक्तात जाई. रक्तातून ते हाडांत साठे आणि वर्षानुवर्षे तेथे राही. चेहरा निस्तेज होई, हिरड्यांवर निळसर रेघ दिसे, पोटात कळा येत. विष मेंदूपर्यंत पोहोचले, की झटके येत आणि काही जण दगावत. शिशाचे काम करणाऱ्या स्त्रियांचे गर्भ पडत. म्हणजे हे विष जन्माला न आलेल्या बाळालाही सोडत नसे.

पुरावा मिळवणे सोपे नव्हते. नोकरी जाईल या भीतीने मजूर बोलत नसत. अ‍ॅलिस रुग्णालयांतील नोंदी चाळत. औषधांच्या दुकानदारांना, धर्मगुरूंना, कामगारांच्या पुढाऱ्यांना भेटत. मजुरांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलत. कारखान्यात ज्या गोष्टी दडवल्या जात, त्या घरी सहज कळत.

एकदा रुग्णालयात त्यांना पोलंडहून आलेला एक मजूर भेटला. त्याला शिशाची विषबाधा झाली होती. आंघोळीच्या टबांना इनॅमलचा मुलामा देण्याचे काम तो करी. अ‍ॅलिस त्याच्या कारखान्यात गेल्या. तेथे त्यांना काहीच धोकादायक दिसले नाही. मुलाम्यात शिसे नाही, असेही त्यांना सांगण्यात आले. त्या पुन्हा त्या मजुराकडे गेल्या. तेव्हा उलगडा झाला, की मुलाम्याचे काम दुसऱ्याच ठिकाणी चालते. अ‍ॅलिस तेथे पोहोचल्या. तापून लाल झालेल्या टबांवर मजूर मुलाम्याची भुकटी टाकत होते आणि तिची धूळ चोहीकडे उडत होती. त्यांनी थोडी भुकटी तपासून घेतली. तिच्यात शंभरात वीस भाग शिसे निघाले! पुस्तकात ज्या कामाचा उल्लेखही नव्हता, त्याचा धोका एका अशिक्षित मजुरामुळे उजेडात आला.

या पाहणीत 70 पेक्षा जास्त कामांत शिसे वापरले जाते, असे आढळले. विषबाधेच्या 578 घटना पुराव्यानिशी नोंदवल्या गेल्या. 1911 मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला. धोक्याच्या कामात मजुरांचे रक्षण करणे, दर महिन्याला त्यांची तपासणी करणे आणि आजाराची नोंद कळवणे मालकांवर बंधनकारक झाले.

त्यानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना देशभर पाहणी करण्यास सांगितले. या कामाला पगार नव्हता. अहवाल तयार झाला, की त्याचे पैसे मिळणार होते. कारखान्यात शिरण्याचा अधिकारही नव्हता. मालकाने दार उघडले तर आत जायचे, एवढेच. तरीही अ‍ॅलिस मालकांवर चिडल्या नाहीत. मालकांनाही समजावून सांगितले तर ते ऐकतील, असा त्यांचा विश्वास होता.

शिशाच्या एका मोठ्या कंपनीचे अधिकारी एडवर्ड कॉर्निश यांना त्या भेटल्या. तुमच्या कारखान्यात मजुरांना विषबाधा होत आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कॉर्निश यांचा विश्वास बसेना. सिद्ध करून दाखवा, मग मी उपाय करीन, असे त्यांनी कबूल केले. अ‍ॅलिस परत गेल्या त्या 22 रोग्यांची माहिती घेऊनच आल्या. हे सर्वजण रुग्णालयात दाखल करावे लागण्याइतके आजारी होते. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ व धूर बाहेर खेचून घेणारी यंत्रे बसवली आणि कामगारांसाठी डॉक्टर नेमले. खऱ्या पुराव्यापुढे आणि शांत शब्दांपुढे दगडालाही पाझर फुटतो, तो असा.

शिशानंतर त्यांनी इतर विषांचाही माग काढला. डॅनबरी गावात टोप्या तयार होत. टोपीचा नमदा करताना प्राण्यांच्या केसांना पाऱ्याचे द्रावण लावत. पाऱ्याची वाफ श्वासात गेल्याने कारागिरांचे हात थरथर कापत. या कामात पारा वापरणे अमेरिकेत 1941 मध्ये बंद झाले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी दारूगोळ्याच्या कारखान्यांतही त्या गेल्या. तेथील मजुरांचे हात व चेहरे रसायनांनी पिवळे पडत.

अ‍ॅलिस यांची कीर्ती वाढली. 1919 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून बोलावले. या विषयातील त्यांच्याइतका जाणकार पुरुष देशात मिळाला नाही. तेथे नेमल्या गेलेल्या त्या पहिल्याच महिला अध्यापक होत. पण मान मात्र अर्धाच मिळाला. अध्यापकांच्या मंडळात त्यांनी जायचे नाही, पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अशा अटी त्यांना घालण्यात आल्या. 1935 मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोपर्यंत त्यांना एकदाही बढती मिळाली नाही.

त्यांना सर्वांत मोठा पराभव पाहावा लागला तो पेट्रोलच्या बाबतीत. मोटारीचे इंजिन सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक रसायन मिसळण्यात येऊ लागले. 1924 मध्ये न्यू जर्सी येथे हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रम होऊन मरण पावले. पुढील वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टन येथे तज्ज्ञांची सभा झाली. अ‍ॅलिस यांनी तेथे इशारा दिला, की आजवर शिसे कारखान्यात होते, आता ते रस्त्यावर येईल आणि सर्वांच्या श्वासात मिसळेल. त्यांचे ऐकले गेले नाही. ते पेट्रोल जगभर विकले गेले. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की थोड्याशा शिशानेही लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. अभ्यासातील लक्ष आणि बुद्धी कमी होते. अमेरिकेने 1996 मध्ये रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल पूर्ण बंद केले. भारतात ते 2000 मध्ये बंद झाले. जगातून ते हद्दपार व्हायला 2021 साल उजाडले. अ‍ॅलिस यांचे म्हणणे खरे होते, हे मान्य करायला जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

22 सप्टेंबर 1970 रोजी, वयाच्या 101 व्या वर्षी, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 29 डिसेंबर 1970 रोजी, अमेरिकेत सर्व कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा कायदा झाला. साठ वर्षांपूर्वी त्यांनी ज्या कामाला हात घातला होता, त्याचे हे फळ त्यांना पाहता आले नाही.

मुलांनो, आजही काही ठिकाणी जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते. ते काम करणाऱ्याचे कपडे घरी येतात आणि त्यांबरोबर धूळही येते. अशी धूळ दिसली, तर त्या मजुराला दोष देऊ नका. हे विष कोठून आले, असे विचारा. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीही हेच विचारले होते.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अ‍ॅलिस यांनी डॉक्टर होण्याचे का ठरवले?
(आ) हल हाउस ही संस्था कोणी सुरू केली?
(इ) टोप्यांच्या कारागिरांचे हात का थरथरत?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विषमज्वराच्या प्रसंगातून अ‍ॅलिस कोणता धडा शिकल्या?
(आ) मालकांचे म्हणणे अ‍ॅलिस यांना का पटले नाही?
(इ) कॉर्निश यांनी कोणते उपाय केले?

3. वाक्यात उपयोग करा : आयुष्य वेचणे, अपमान गिळणे, माग काढणे, शब्द पाळणे.

4. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याचे काम व त्याच्या आरोग्याला असणारा धोका यांविषयी आठ ओळी लिहा.