तुटलेल्या करवतीचा नांगर

जॉन डीअर नावाचा लोहार माझ्या बँकेत कर्ज मागायला आला असता, तर मी त्याचा अर्ज नामंजूर केला असता.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १८०४ साली त्याचा जन्म झाला. तो चार वर्षांचा असताना वडील समुद्रप्रवासाला गेले, ते परतलेच नाहीत. लोहारकी शिकून त्याने दुकान थाटले, ते जळाले. पुन्हा उभारले, पुन्हा आग! डोक्यावर कर्ज झाले. १८३६ साली बायकामुलांना मागे ठेवून तो दूर इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर या खेड्यात गेला.

तिथली काळी माती भारी चिकट. पूर्वेकडून आणलेल्या बिडाच्या नांगराला ती धरून बसे आणि शेतकऱ्याला घडोघडी थांबून ती खरवडावी लागे. जॉनला लाकडाच्या गिरणीतली एक तुटकी पोलादी करवत मिळाली. छिन्नी-हातोड्याने तिचे दात छाटून त्याने तिला बाक दिला आणि घासून लखलखीत केले. १८३७ सालचा तो नांगर चालताना माती आपसूक घसरून पडू लागली. पुढे बायकामुलेही आली. १८४८ मध्ये मोलिनला कारखाना निघाला.

१८८६ मध्ये तो वारला. त्याची कंपनी ट्रॅक्टरच्या धंद्यात शिरली १९१८ साली. आज हौशी माणसे घरच्या प्लाझ्मा टेबलावर पोलादी पत्रा कापून बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरसाठी अवजारे बनवतात. छिन्नी गेली, खटपट तीच.

कर्जाच्या अर्जात जुन्या थकबाकीला रकाना असतो; हातातल्या कसबाला नसतो.