नगरचा कृष्ण : शाहू मोडक

मित्रांनो, सिनेमातला नगरचा माणूस कोण, असं कॅन्टीनमध्ये कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं, सदाशिव अमरापूरकर! आणि त्यात चुकीचं काही नाही. 'अर्धसत्य' (१९८३) मधला रामा शेट्टी एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. पण अमरापूरकरांचा जन्म १९५० चा. त्याच्या कितीतरी आधी नगरचंच एक पोरगं सिनेमात गेलं, चौदाव्या वर्षी कृष्ण झालं, एकविसाव्या वर्षी पोलीस शिपाई झालं आणि बाविसाव्या वर्षी चक्क ज्ञानेश्वर! त्यांचं नाव शाहू मोडक. आजी-आजोबांना विचारलंत तर त्यांचे डोळे चमकतील. आपल्यापैकी बहुतेकांनी मात्र त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नसतो. हा लेख त्यासाठीच.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. होय, ख्रिस्ती. ज्या माणसाला अख्ख्या देशाने कृष्ण म्हणून पाहिलं तो जन्माने ख्रिस्ती होता. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, नगरच्या माणसाला एवढं वाटू नये. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच सुरू झालं. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी इथे बरीच वर्षं काढली. त्यांनी धर्म बदलला, पण नाव बदललं नाही, भाषा बदलली नाही आणि तुकोबांवरचं प्रेम तर तसूभरही कमी केलं नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगातून मांडली. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरांत टाळ, भजन, कीर्तन ही काही परकी गोष्ट नव्हती. मुलाचं नाव शाहू ठेवणारं घर या मातीतलंच. पुढे या मुलाच्या तोंडी भक्तिगीतं इतकी सहज बसली, त्याचं थोडं श्रेय या मातीलाही द्यायला हरकत नाही.

शाहू चौदा वर्षांचा होता तेव्हा सिनेमा नुकताच बोलायला लागला होता. 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये आला, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी पुण्यात दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने 'श्यामसुंदर' काढला. हे तोरणे म्हणजे १९१२ साली 'श्री पुंडलिक' करणारे. दिग्दर्शक भालजी पेंढारकर. राधेच्या भूमिकेत शांता आपटे आणि कृष्ण आमचा नगरचा शाहू. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. ते आपल्याकडे आलं १९३५ मध्ये. म्हणजे ज्याने तोंड हलवायचं त्यानेच गायचं, तेही कॅमेऱ्यासमोर, एका दमात. दिसणं, गाणं आणि बोलणं तिन्ही जमणारा पोरगा मिळणं सोपं नव्हतं. 'श्यामसुंदर' तुफान चालला. मुंबईत रौप्यमहोत्सव, म्हणजे सलग पंचवीस आठवडे पूर्ण करणारा पहिला बोलपट म्हणून त्याचं नाव घेतात. नगरचं पोरगं एका सिनेमात घराघरांत पोचलं.

लगेच पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, त्याच कंपनीने 'औट घटकेचा राजा' काढला. हिंदीत तोच 'आवारा शहजादा'. मार्क ट्वेनची राजपुत्र आणि भिकारी मुलाची अदलाबदल होते ती गोष्ट आठवते ना? तीच. राजपुत्रही शाहू आणि भिकारीही शाहू! भारतीय बोलपटातला हा पहिला डबल रोल मानला जातो. मूकपटात साळुंके यांनी 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता दोन्ही केले होते. पण तिथे बोलायचं नव्हतं.

आता इथे आपल्यातल्या इंजिनिअरने जरा थांबावं. आज डबल रोल म्हणजे कॉम्प्युटरवरचं काम. त्या काळी जगभर याची साधी पद्धत म्हणजे भिंगापुढे अर्धी चौकट झाकणारा काळा पुठ्ठा लावायचा. उघड्या अर्ध्या भागात नट एक भूमिका करतो. मग तीच फिल्म कॅमेऱ्यात उलटी गुंडाळून पहिल्या फ्रेमवर आणायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावायचा, नटाने कपडे बदलून यायचं आणि रिकाम्या जागेकडे बघून दुसरी भूमिका करायची. कॅमेरा केसभर जरी हलला तर मधली रेघ दिसणार. फ्रेम मोजायला चुकलं तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. आणि फसलं की दोन्ही बाजू पुन्हा पहिल्यापासून, कारण फिल्म एकच. आपलं प्रॅक्टिकल चुकलं तर रीडिंग तरी शेजाऱ्याकडून मिळतं. इथे तीही सोय नाही! अशा कामात पंधरा वर्षांच्या मुलाने समोर कुणी नसताना टायमिंग सांभाळायचं, म्हणजे कमालच.

पुढची पायरी 'प्रभात'. पुण्याची प्रभात फिल्म कंपनी म्हणजे त्या काळची सर्वांत शिस्तीची कंपनी. तिथे के. नारायण काळे यांनी १९३८ साली 'माझा मुलगा' केला. त्यात मोडक आणि शांता हुबळीकर ही जोडी होती. आणि मग आला १९३९ चा 'माणूस', दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत 'आदमी'. मंडळी, या लेखातली एकच शिफारस मानायची असेल तर ही माना.

'माणूस' मध्ये मोडक देव नाहीत, राजपुत्र नाहीत. ते आहेत गणपत, साधा पोलीस शिपाई. रात्री जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते, तिथे त्याला मैना भेटते. मैना वेश्या आहे. तो तिला पकडत नाही, वाचवतो. तिथून त्याचा सगळा सरळमार्गी संसारच वाकडा होतो. तो तिला घरी आईकडे घेऊन जातो. आई साधी, भाविक, सुनेची वाट पाहणारी. ही मुलगी कोण आहे हे तिला ठाऊक नाही आणि मैनेला तिचा भाबडेपणा सोसत नाही. पुढे काय होतं ते पूर्ण सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवट गोड नाही, पण रडकाही नाही.

या शेवटामागे एक कारण आहे. १९३५ साली 'देवदास' आला होता आणि प्रेमात हरला की माणसाने दारू पीत मरून जायचं, याचं तरुणांना मोठं आकर्षण वाटू लागलं होतं. 'माणूस' हे शांतारामांनी त्याला दिलेलं उत्तर मानतात. गणपतही कोसळतो. त्यालाही जगणं नको होतं. पण सिनेमा त्याला तिथे सोडत नाही, पुन्हा उभं करून कामाला लावतो. आपल्यातल्या कुणाचं मन मोडलेलं असेल, कुणाचं वर्ष गेलं असेल, त्याने हा सिनेमा जरूर बघावा. उपदेशाचा डोस न पाजता तो मुद्दा गळी उतरवतो.

आणि हा सिनेमा कंटाळवाणा अजिबात नाही. मैना गिऱ्हाइकांसमोर एकच गाणं वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषांत गाते. ऐकताना हसू येतं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पोटात कालवतं. गाणी आणि संवाद अनंत काणेकरांचे, संगीत मास्तर कृष्णराव यांचं. एका प्रसंगात गणपत आणि मैना चक्क एका सिनेमाचं शूटिंग बघतात. झाडाखालचं गुळगुळीत प्रेम चाललेलं असतं. ती त्या वेळच्या प्रेमपटांची सरळसरळ टिंगल आहे. त्या नकली प्रेमाशेजारी उभी असलेली ही अवघडलेली, खरी जोडी बघा. शांता हुबळीकरांनी मैना जबरदस्त केली आहे, सिनेमा तिचाच आहे म्हटलं तरी चालेल. पण मोडकांचा साधेपणा नसता तर ती मैना एवढी उठून दिसली नसती. संकोचणारा, आईला घाबरणारा, कर्तव्य आणि प्रेम यांत चेंगरलेला शिपाई त्यांनी कुठेही आवाज न चढवता उभा केला. 'अर्धसत्य' सुद्धा पोलिसाचीच गोष्ट. दोन नगरकर, दोन पोलीसपट, मध्ये ४४ वर्षं. एका वीकेंडला दोन्ही लागोपाठ बघून पाहा.

'माणूस' नंतर वर्षभरातच, १९४० मध्ये, 'प्रभात'ने 'संत ज्ञानेश्वर' काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, म्हणजे 'संत तुकाराम' (१९३६) करणारी जोडी. लहानपणचा ज्ञानेश्वर यशवंतने केला आणि मोठेपणचे ज्ञानेश्वर शाहू मोडक. अंगावरचा गणवेश उतरवला आणि माउली झाले.

इथे नकाशा काढून बघा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. नेवासे आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणजे नगरच्या मातीत ज्ञानेश्वरी झाली आणि साडेसहाशे वर्षांनी नगरच्याच एका ख्रिस्ती मुलाच्या चेहऱ्याने माउली पडद्यावर आली. आणखी एक हिशोब करा. परंपरेने मानलेल्या सालांप्रमाणे ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. मोडक या सिनेमाच्या वेळी बावीसचे. म्हणजे आपण बी.ई.ला असतो ते वय! दाढी लावून म्हातारपण आणावं लागलं नाही. समाधीच्या प्रसंगात जो कोवळा, शांत चेहरा दिसतो तो खराच त्या वयाचा आहे, म्हणून तो आजही लागतो.

'संत ज्ञानेश्वर' मध्ये चमत्कार आहेत. वेद म्हणणारा रेडा आहे, चालणारी भिंत आहे. यातलं काहीही कॉम्प्युटरने केलेलं नाही. सगळं सुतारकाम, प्रकाश, भिंग आणि कॅमेऱ्यातल्या युक्त्या. पहिल्यांदा गोष्ट म्हणून बघा, दुसऱ्यांदा हे कसं केलं असेल याची पैज लावून बघा.

यानंतर मात्र मोडकांच्या आयुष्यात जे झालं त्यावर विचार करावासा वाटतो. १९४२ साली विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप' मध्ये ते भरत झाले आणि तेही काम गाजलं. १९५७ च्या 'नरसी भगत' मध्ये गुजरातचे संत नरसी मेहता. आणि या सगळ्यांच्या अध्येमध्ये कृष्ण, कृष्ण आणि कृष्ण! एकूण २९ चित्रपटांत त्यांनी कृष्ण केला असं सांगितलं जातं. पौराणिक सिनेमा काढायचा म्हटलं की निर्मात्याला दुसरं नाव सुचत नसे आणि लोकांना दुसरा चेहरा चालत नसे. नटाला एवढं प्रेम क्वचितच मिळतं. पण मुकुट एकदा डोक्यावर बसला की उतरत नाही. ज्याने विसाव्या-एकविसाव्या वर्षी गणपत शिपाई केला, तो नट पुढे आणखी किती माणसं उभी करू शकला असता! ती पाहायची राहूनच गेली. पुढे त्यांनी ज्योतिषाचाही अभ्यास केला. ११ मे १९९३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, ते गेले.

आता शेवटचं आणि कामाचं. हे सिनेमे आज आपल्याला दिसतात ही काही आपोआप घडलेली गोष्ट नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. केमिस्ट्रीवाल्यांना माहीत असेल, तिला जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि 'प्रभात'च्या मूळ नायट्रेट रिळांसकट हजारो रिळं गेली. सुदैवाने बऱ्याच सिनेमांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून 'माणूस' आणि 'संत ज्ञानेश्वर' उरले. पण जपून ठेवलेला सिनेमा कुणी बघितलाच नाही, तर त्याचा काय उपयोग?

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी 'माणूस', मग 'संत ज्ञानेश्वर', वेळ उरला तर 'भरत मिलाप'. दोन्ही मराठी सिनेमे इंटरनेटवर सापडतात. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो. पहिली दहा मिनिटं धीर धरा, नंतर तो ऐकूसुद्धा येत नाही. आणि कधी बाईक काढून नेवाशाला गेलात तर पैस खांबापुढे उभं राहून नगरच्या त्या पोरालाही आठवा.

असो. सबमिशन काय, चालूच राहतं!