ग्रंथशोधक आर्तुरो शॉम्बर्ग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षीं फेब्रुवारी महिना आला म्हणजे शाळांतून व वाचनालयांतून कृष्णवर्णीय लेखकांचीं पुस्तकें पुढें मांडण्यांत येतात, आणि लहानथोर मंडळी तीं महिनाभर वाचतात. इतिहासकार कार्टर वुडसन यांनीं १९२६ सालीं या प्रथेचा आरंभ एका आठवड्यापुरता केला. १९७६ पासून त्या आठवड्याचा महिना झाला. परंतु वाचावयाचें तर पुस्तकें आधीं हातीं असावीं लागतात. तीं शोधण्यांत ज्या एका कारकुनानें आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें चरित्र आज वाचकांस सादर करतों.

आर्तुरो शॉम्बर्ग यांचा जन्म २४ जानेवारी १८७४ रोजीं पोर्तो रिको बेटावरील सान हुआन शहरीं झाला. आई सेंट क्रॉय बेटाची कृष्णवर्णीय स्त्री. बाप जर्मन वंशाचा. त्या बेटावरील गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां पुरें वर्षहि लोटलें नव्हतें. ज्या १८७३ सालीं ती बंद झाली, त्याच सालीं इकडे पुण्यांत जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक निघालें, आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस तें अर्पण केलेलें आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांनीं येथें ध्यानांत घ्यावी.

असें सांगतात कीं, शाळेंत असतां शॉम्बर्ग यांस शिक्षकांकडून ऐकावें लागलें कीं, काळ्या लोकांस इतिहास नाहीं, त्यांच्यांत थोर पुरुष झाले नाहींत, व नांव घेण्याजोगें कांहीं त्यांच्या हातून घडलें नाहीं. असलें बोलणें पुष्कळ मुलांच्या कानीं पडतें. कित्येक तें विसरतात, कित्येक तें खरें मानून जन्मभर मान खालीं घालून चालतात. या मुलास तें विसरतां आलें नाहीं व मानवलेंहि नाहीं.

१८९१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ते न्यू यॉर्क येथें आले. गांठीं पैसा नाहीं, विद्यापीठाची पदवी नाहीं. प्रथम वकिलांच्या कचेरींत काम केलें; स्वतः वकील व्हावें ही इच्छा होती, ती सिद्धीस गेली नाहीं. पुढें १९०६ पासून एका मोठ्या पेढीच्या टपालविभागांत कारकुनी धरली व १९२९ पर्यंत ती केली. त्या पगारांतून संसार चालवावयाचा आणि त्यांतूनच पुस्तकें घ्यावयाचीं. इतरांस निरुपयोगी वाटणाऱ्या चोपड्या, पत्रें, जुनीं चित्रें ते गोळा करीत, आणि ब्रुकलिन येथील त्यांचें घर त्यांनीं भरून गेलें. घरच्या माणसांनीं काय सोसलें असेल, याची कल्पना पुस्तकवेड्याच्या घरीं राहिलेल्यासच येईल.

आणि काय काय हातीं लागलें! फिलिस व्हीटली ही सातआठ वर्षांची पोर १७६१ सालीं आफ्रिकेंतून गलबतावर घालून आणून बॉस्टन शहरीं विकलेली. तिच्या कविता १७७३ सालीं लंडन येथें छापल्या गेल्या. गुलाम मुलीनें त्या रचल्या यावर लोकांचा विश्वास बसणार नाहीं, म्हणून बॉस्टनच्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्यांचा दाखला पुस्तकास जोडावा लागला. बेंजामिन बॅनेकर हा मेरीलंडचा शेतकरी. स्वतः गणित करून त्यानें १७९२ पासूनचीं पंचांगें प्रसिद्ध केलीं. ग्रानाडा येथील हुआन लातिनो हा गुलामगिरींतून वर आलेला लॅटिनचा पंडित. त्याचें लॅटिन काव्य १५७३ सालचें. मग इतिहास नाहीं तो कोठें?

१९११ सालीं पत्रकार जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासह त्यांनीं एक इतिहाससंशोधन मंडळ स्थापिलें. १९१६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय कवींच्या ग्रंथांची सूचि छापली. अखेर १९२६ सालीं, म्हणजे वुडसन यांचा आठवडा सुरू झाला त्याच वर्षीं, कार्नेगी संस्थेनें दिलेल्या दहा हजार डॉलरांतून न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें हा संग्रह घेतला. पांच हजारांहून अधिक ग्रंथ व हजारों हस्तलिखितें हार्लेम भागांतील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेंत गेलीं.

पैसा हातीं येतांच हा गृहस्थ पुनः शोधासच निघाला! स्पेन देशांत जाऊन त्यांनीं हुआन दे पारेहा याचा माग काढला व १९२७ सालीं त्यावर लेख लिहिला. पारेहा हा चित्रकार वेलास्केथ याचा गुलाम. १६५० सालीं त्याचें मुक्तिपत्र झालें. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयास प्रभु बोलावीत आहे, हें चित्र त्यानें १६६१ सालीं काढलें, व त्याच्या एका कडेस स्वतःसहि उभें केलें. तें माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत आहे.

१९३१ सालीं शॉम्बर्ग फिस्क विद्यापीठाच्या ग्रंथालयांत गेले, आणि १९३२ पासून आपल्याच जुन्या संग्रहाचे पालक होऊन हार्लेमला परतले. ग्रंथ ते रंग व आकार पाहून मांडीत. एका तरुण ग्रंथपालिकेनें ते शास्त्राप्रमाणें लावले तेव्हां ते फार रागावले, असें सांगतात. जो आपल्या हातानें एकेक पुस्तक आणतो, त्यास सूचीची गरज भासत नसावी.

१९३८ च्या जून महिन्यांत त्यांचा अंत झाला. १९४० सालीं संग्रहास त्यांचें नांव देण्यांत आलें. तो त्याच रस्त्यावर अद्याप आहे. त्यांत आज एक कोटीहून अधिक वस्तु असून वाचावयास येणाऱ्यास तेथें मोकळें दार आहे.