कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (माहेरचे नाव : कमल समर्थ, जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीजीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. अशा प्रकारची ती भारतातील पहिली प्रयोगशाळा मानली जाते. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला.

== जीवन व शिक्षण ==
त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. कमलचे शालेय शिक्षण हुजूरपागेत आणि पदवीपर्यंतचे शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राकडे वळल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले; त्यासाठी त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

== ऊतक संवर्धन ==
डॉक्टरेटनंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी कर्कपेशींचा पहिला अमर वंश, म्हणजे ‘हेला’ पेशी, १९५१ मध्ये गाय यांच्याच प्रयोगशाळेत वाढविला गेला.

शरीरातून काढलेल्या जिवंत पेशी काचपात्रात पोषक द्रवावर वाढविणे, म्हणजे ऊतक संवर्धन. या तंत्राचा प्रारंभ भ्रूणाच्या पेशींपासून झाला, कारण त्या जोमाने वाढतात आणि त्यांचे भवितव्य अजून पूर्ण व्हावयाचे असते. कोंबडीच्या भ्रूणातील स्नायुजनक पेशी हे याचे बोलके उदाहरण आहे. काचपात्रात त्या प्रथम नुसत्या विभागत राहतात. पुढे विभाजन थांबते, पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या लांबट नलिका बनतात आणि त्यांत मायोसिन व ॲक्टिन ही आकुंचनाची प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागतात. या नलिका कधीकधी काचपात्रातच आकुंचन पावताना दिसतात. विभाजन आणि विशेषीकरण यांतील ही अदलाबदल पोषक द्रवाच्या घटकांवर बरीच अवलंबून असते. कर्कपेशीत नेमकी हीच शिस्त मोडते : ती विभागत राहते आणि विशेषीकरण अपुरे राहते. त्यामुळे कर्करोगाच्या अभ्यासकाला हे तंत्र अपरिहार्य ठरले.

भारतात परतल्यावर रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्र आणि ऊतक संवर्धन या दोन्ही प्रयोगशाळांच्या उभारणीत पुढाकार घेतला. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धनाची माध्यमे आणि त्यांना लागणारी रसायने येथेच तयार केली.

== संशोधन ==
स्तनांच्या कर्करोगाची प्रवणता कमीअधिक असलेल्या उंदरांच्या चार वाणांची तुलना करून त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचा परस्परसंबंध तपासला. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या कार्यकारी संचालक होत्या.

कुष्ठरोगावरील त्यांचे काम अधिक वादाचे, आणि कदाचित अधिक फलदायीही, ठरले. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही. आजही त्यात यश आलेले नाही. हा जंतू चेतातंतूंत आश्रय घेत असल्याने रणदिवे, बापट व खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मेरुरज्जूलगतच्या चेतागंडिकांतील पेशींचे संवर्धन करून त्यात रुग्णाच्या गाठीतील जंतू सोडले. १९५८ मध्ये त्यांनी अशा रीतीने वाढलेल्या जंतूंची नोंद प्रसिद्ध केली. पुढे हे ‘आयसीआरसी’ जंतू प्रत्यक्ष कुष्ठजंतू नसून क्षयजंतूच्या कुळातील वेगळ्या गटाचे असल्याचे मानले गेले. म्हणजे मूळ उद्दिष्ट साधले नव्हते. तरीही कुष्ठजंतूशी असलेल्या प्रतिकारक्षमतेच्या साधर्म्यामुळे ते निरुपयोगी ठरले नाहीत : मुंबईतच त्यांपासून लस तयार झाली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले.

== अकोले तालुक्यातील कार्य ==
१९७३ मध्ये रणदिवे यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांनी परत येऊन येथे काम करावे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्यक्षेत्र सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुका होते (विदर्भातील अकोला जिल्ह्याशी त्याची गल्लत इंग्रजी लेखनात वारंवार होते). महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती असलेल्या या डोंगराळ भागात सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची माहिती गोळा केली. महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत शासकीय प्रकल्पांतून जिल्ह्यातील खेड्यांत वैद्यकीय मदत व आरोग्यशिक्षणही पोहोचविण्यात आले. प्रयोगशाळेत पेशीला काय खाऊ घालावे याचा शोध घेणाऱ्या संशोधिकेने येथे मुलांच्या ताटात काय पडते याची नोंद घेतली.

== सन्मान ==
भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार (दोन्ही १९६४), तसेच पद्मभूषण (१९८२). त्यांच्या १०४ व्या जयंतीस, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले होते.