माणसे पारखणारा कारखानदार

जळगाव शहराला लागून असलेले मेहरूण म्हटले की जुन्या माणसांना तलाव आठवतो आणि हिवाळ्यातली बोरे. शेतीच्या या शिवारापासून थोड्याच अंतरावर आज औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसतात. डाळ मिल, चटई, पाईप अशा लहानमोठ्या उद्योगांत खान्देशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसे पाळ्यांमध्ये काम करतात. यंत्र कर्ज काढून आणता येते, कच्चा माल उधारीवर मिळतो. पण माणसे टिकवायची कशी, त्यांच्याशी बोलायचे कसे, हा प्रश्न लहान कारखानदाराला रोज पडतो. मनुष्यबळ व्यवस्थापन हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी, निवडुंगाने भरलेल्या एका माळावर हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न झाला होता. तो करणाऱ्या गृहस्थांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

दोनदा बसलेला शिक्का

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात वेदान्ताचे वातावरण होते, मुलाचा ओढा मात्र चित्रे आणि यंत्रांकडे. 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. रंगांचा संबंध नसलेली यांत्रिक रेखाटने तेवढी हाती उरली आणि त्यांच्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

तेथे त्यांनी वर्षानुवर्षे चोख काम केले. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि पुन्हा कोणाची चाकरी न करण्याचे ठरविले. पहिल्या वेळी डोळ्यांनी दगा दिला होता, दुसऱ्या वेळी व्यवस्थेने. माणसाचे काम न पाहता त्याच्यावरचा शिक्का पाहिला की काय होते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. पुढे कारखान्यात माणसे घेताना त्यांनी जो मार्ग धरला, तो या अनुभवाशी जुळणारा होता.

शेतकऱ्याचे मन वळविताना

नोकरी सोडण्यापूर्वीच, 1888 मध्ये, त्यांनी आपले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. वस्तू विकायची तर ती वापरणाऱ्या माणसाला सोबत न्यावे लागते, हा धडा या लहानशा दुकानात मिळाला.

त्याची खरी परीक्षा लोखंडी नांगराने घेतली. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर 1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला शेतकरी नव्या अवजाराला हात लावेना. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे लागली. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. लक्ष्मणराव मात्र नांगर घडवीत आणि लोकांना दाखवीत राहिले. धीर धरून समजावण्याची हीच सवय पुढे कारखान्यातही त्यांना उपयोगी पडली.

माळावरची वसाहत

बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली, तेव्हा कारखाना न्यायचा कुठे असा पेच पडला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. 10 मार्च 1910 रोजी त्या उजाड माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. साप आणि निवडुंग यांच्या त्या राज्यात सुमारे पंचवीस कामगार आपली बिऱ्हाडे घेऊन आले.

तेथे काही जुळवायचे तर माणसांची निवड महत्त्वाची होती. मोठ्या पदव्यांची माणसे त्या माळावर येणार नव्हती आणि लक्ष्मणरावांनी त्यांची वाटही पाहिली नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे अभियंता म्हणून नावारूपाला आले. कारकुनी करणारे मंगेशराव रेगे प्रमुख हिशेबनीस झाले. यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांनी पेलली. के. के. कुलकर्णी यांच्यासारखा विद्यार्थिदशेत अपयशी ठरलेला माणूस व्यवस्थापक म्हणून उभा राहिला. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता. ज्याला जे साधते ते काम त्याच्याकडे सोपवायचे आणि मग त्यावर विश्वास टाकायचा, अशी ही पद्धत होती.

सर्वांत धाडसी निवड पहारेकऱ्यांची होती. गुन्हेगारीची पार्श्वभूमी असलेल्या, शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीची जबाबदारी टाकली. ब्रिटिशांच्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा तो काळ. ज्यांच्यापासून गावे कुलपे लावीत, त्यांच्याच हाती किल्ल्या देण्यात आल्या, आणि ही माणसे भरवशाची पहारेकरी ठरली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यासही लक्ष्मणरावांनी बंदी केली. गावगाड्यात जी शिवाशिव घट्ट रुजली होती, तिला कारखान्याच्या हद्दीत थारा उरला नाही.

बोलण्यापासून छापण्यापर्यंत

पंचवीस कुटुंबांच्या वस्तीत मालक आणि कामगार रोज समोरासमोर येतात. तक्रार सांगायला अर्ज लागत नाही; चूक झाली तर यंत्रापाशीच ती दाखवता येते. मात्र उद्योग वाढला की ही सोय संपते. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. कामगार वाढले, नांगर दूरदूरच्या बाजारपेठांत जाऊ लागले. कारखान्यात काय चालले आहे, हे विक्रेत्यांना, गिऱ्हाइकांना आणि खुद्द कामगारांना कळावे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकलेची जाण असलेले शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. एका खेडेवजा वसाहतीतील कारखान्याचे हे गृहपत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ या भगिनी मासिकांची त्यात भर पडली. मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक घरांत ही मासिके वाचली गेली. त्यांचे मूळ मात्र आपल्या माणसांना खबर दिली पाहिजे, या साध्या गरजेत होते.

व्यवस्थेची दुसरी बाजू

किर्लोस्करवाडीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जिथे काम, घर आणि गावाचा कारभार एकाच हाती असतो, तिथे कामगाराचे बरेचसे आयुष्य मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. नोकरी गेली की छप्परही जाण्याची भीती असते. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तर निभावते. तसा नसेल तर कामगाराने कोणाकडे पाहावे, याचे उत्तर अशा रचनेत नसते. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली, ती मालकांच्या दयेची वाट न पाहता. मालकाचा विश्वास आणि कामगाराचा हक्क या दोन्हींची गरज असते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

तरीही लक्ष्मणरावांच्या कामाचे मोल कमी होत नाही. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आगीची झळ बसली, तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. तोपर्यंत चिरंजीव शंतनुराव आणि पुढची पिढी हरिहर, पुणे, बंगळूर येथे यंत्रे, इंजिने आणि विजेच्या मोटारींचे कारखाने चालवू लागली होती. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1989 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकही पुढे किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाऊ लागले.

मेहरूणलगतच्या वसाहतीतील लहान उद्योजकाला आज माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, अशी खंत असते. लक्ष्मणरावांच्या वेळी कुशल माणसे याहून दुर्मीळ होती. प्रमाणपत्र मागण्याऐवजी त्यांनी माणसाला काम देऊन पाहिले, चुकायला अवसर दिला आणि जबाबदारी टाकल्यावर पाठ फिरवली नाही. रंग ओळखू न शकणाऱ्या या माणसाने माणसे मात्र अचूक ओळखली. नव्याने कामावर आलेल्या पोराकडे पाहताना त्याच्या गावाची, जातीची वा गुणपत्रिकेची चौकशी आधी होते की त्याच्या हाताची, एवढे तपासून पाहिले तरी लक्ष्मणरावांच्या धड्याची सुरुवात झाली, असे म्हणता येईल.